बकरी, वस्तरा आणि हॉलमधला टीव्ही

९ फेब्रुवारी

"रोज लिहायचं, काका. उजव्याच हाताने. काहीही लिहा, पण अर्धं पान तरी." — इति फिजिओ. वयाने माझ्या मुलीएवढी. हुकूम मात्र असे सोडते की मी आयुष्यात कोणाचं इतकं मुकाट्याने ऐकलेलं नाही. प्लास्टर निघालं, मनगटाचं हाड जुळलं म्हणतात, पण बोटं अजून दुसऱ्याचीच वाटतात. सांगावं एक, करतात भलतंच — आणि तेही सवडीने.

हे सगळं कशामुळे? तर दुकानातल्या आरशावरचा दिवा गेला म्हणून. उंट म्हणत होता, थांबा, मी लावतो. उंट म्हणजे माझा सलूनमधला जोडीदार. त्याला स्टूलही लागलं नसतं, नुसता हात वर केला असता तरी काम झालं असतं. पण मला घाई! चढलो आणि स्टुलासकट खाली आलो.

अर्धं पान झालं वाटतं. अक्षर बघवत नाही. हे कोणी वाचायचं नाही, एवढंच बरं.

१० फेब्रुवारी

फिजिओचं नवं खूळ — गेम खेळा. रबरी चेंडू दाबून कंटाळलात ना, मग कॉम्प्युटरवर एखादा गेम लावा, बोटांना वेळेवर हलायची सवय लागेल. मी म्हटलं, बाई, माझं वय काय आणि तू सांगतेस काय. तर म्हणे, "काका, बोटांना कुठे वय कळतं?" आख्खा जन्म लोकांच्या डोक्यामागे उभं राहून बडबड करण्यात काढला, पण या पोरीपुढे माझी जीभ चालत नाही.

कॉम्प्युटर आहे घरात. म्हणजे मुलीचा आहे. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा त्याचा पडदा घेऊन गेली आणि मोठा काळा डबा पलंगाखाली सारून गेली. फोन केला. "बाबा, मग टीव्हीला जोड की." जसा काही मी रोज सकाळी उठून कॉम्प्युटर टीव्हीला जोडतो.

११ फेब्रुवारी

सगळी संध्याकाळ गेली, पण जोडला!

टीव्ही हॉलच्या भिंतीला चिकटलेला. मागे केबल खुपसायची तर माझा डावा हात जाड आणि उजवा बिनकामाचा. शेवटी बायकोने हात घातला. (बायकोला मी "ही" म्हणतो, इथेही तसंच लिहिणार.) ही टायपिंगच्या क्लासात शिकवते. बोटं अशी हुशार की न बघता बरोबर जागी जातात. मग टीव्हीवर पाटी आली — सिग्नल नाही. मुलगी फोनवर: "बाबा, रिमोटवर सोर्स दाब. ते नव्हे. ते आवाजाचं आहे." आवाज इतका चढला की वरच्यांनी जमिनीवर काहीतरी आपटलं. आणि मग एकदम मुलीच्या मांजराचा फोटो, पलंगाएवढा! हिने दचकून कपातला चहा मांडीवर घेतला.

चित्राच्या कडा मात्र कापल्या जात होत्या. सलूनवाल्याच्या घरात टीव्हीसुद्धा कडा भादरतो, म्हटलं. मुलगी खूप हसली. मग इकडचं बटण, तिकडचं बटण दाबायला लावून तेही सरळ करून घेतलं. "टीव्ही तो टीव्हीच, बाबा. मॉनिटर म्हणून थोडा आगाऊपणा करणारच. चालवून घे."

आता बसायचं कुठे? सोफ्यावर बसलो तर कीबोर्डची वायर पुरत नाही. जवळ बसलो तर मान मोडते. हिने इस्त्रीची उभी फळी आणून मध्ये ठेवली, तिच्यावर कीबोर्ड, आणि मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन तिच्यामागे. झालं आमचं ऑफिस.

१२ फेब्रुवारी

गेम असा आहे. एक पांढरी बकरी. समोर नदी. नदीत ओंडके वाहत येतात. लांब बटण दाबलं की बकरी उडी मारते. ओंडक्यावर पडली तर ठीक, नाहीतर पाण्यात. पलीकडच्या काठावर कोबीचा मळा. एवढंच. दोन वर्षांचं पोर खेळेल असा गेम मुलीने मुद्दाम माझ्यासाठी शोधून दिलाय.

बकरी पहिल्याच ओंडक्याला बुडाली. बुडताना "ब्या" करते आणि मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघते. मोठ्या म्हणजे किती मोठ्या — टीव्हीवर एकेक डोळा बशीएवढा दिसतो. लहान पडद्यावर बुडाली असती तर इतकं लागलं नसतं.

१३ फेब्रुवारी

बुडाली. बुडाली. बुडाली.

१४ फेब्रुवारी

ओंडका येतो, मला दिसतो, मी बोट दाबतो — आणि बकरी उडी मारते तोवर ओंडका पुढे गेलेला. दर वेळी तेवढाच उशीर. डोळे ठीक आहेत. डोकं ठीक आहे (हिचं मत वेगळं असेल). मग उशीर कुठे होतो? बोटातच ना.

दाढी करताना असा उशीर चालेल का? वस्तरा गळ्यावर असतो. गिऱ्हाइकाने आवंढा गिळला की गळ्याची घाटी वर येते, त्याच क्षणी वस्तरा उचलावा लागतो. हे मी कधी शिकलो नाही, हातालाच येत होतं. आता बकरीला ओंडका मिळवून देता येत नाही आणि म्हणे दाढी करणार.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आज किती बुडवल्यात?"

१६ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आलो. नुसता बसायला.

माझी खुर्ची खिडकीजवळची. तिच्यावर उंटाने टॉवेलांची चळत रचून ठेवलीये. मी आलेला बघून त्याने घाईघाईने उचलली, पण मी बघायचं ते बघितलं होतं. बिचाऱ्याची एकट्याची धावपळ चाललीये. गप्पा मारायला त्याला जमत नाही. गिऱ्हाइकं त्याच्यापुढे दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी बसतात.

मास्तर आले होते. निवृत्त मास्तर, रोज सकाळी माझ्याकडे दाढी करायचे. त्यांच्या हनुवटीला खोल खळी आहे आणि गळ्याची कातडी सैल. अवघड चेहरा आहे, कातडी ताणून धरली नाही तर वस्तरा अडतो. माझा हात मोडल्यापासून दाढी वाढवून बसलेत! पांढरी शुभ्र, छातीकडे निघालीये. उंट म्हणाला, "मास्तर, मी करतो." तर मास्तर: "तू केस काप. गळा मी एकाच माणसाच्या हातात देतो." आणि मला: "घाई नाही. पण बायको म्हणते, आता शेजाऱ्यांची मुलं मला घाबरतात."

मी हसलो. आणि घरी येताना सगळा रस्ता बोटं उघडमीट करत आलो.

१७ फेब्रुवारी

हिच्याशी भांडण. विषय — टीव्ही. संध्याकाळच्या बातम्या हिला लागतात. मी म्हटलं, बातम्या रोज त्याच असतात. "बकरीही रोज तीच असते," म्हणाली.

हिचं हे असंच. तोंडावर खरं. मुलीने लहानपणी घोडा काढून आणला, आम्ही सगळे वा वा केलं, ही म्हणाली, "छान आहे, पण हे टेबल आहे." एकदा दुकानात डबा द्यायला आली होती. माझं एक जुनं गिऱ्हाईक कानावरचे चार केस टाळूवरून पलीकडे नेऊन बसवायचं. ही त्याला म्हणाली, "कशाला एवढा खटाटोप करता? सगळ्यांना कळतंच." तो माणूस पुन्हा आला नाही. तेव्हापासून मी डबा स्वतः नेतो. क्लासातली मुलं हिला टरकून असतात. पण हिने एकदा "बरं आलं" म्हटलं की पोरं हवेत तरंगतात, कारण ते खरंच बरं आलेलं असतं.

शेवटी तोडगा निघाला. बातम्यांपर्यंत बकरी, नंतर बातम्या.

१९ फेब्रुवारी

फुगा आणला.

आमच्या धंद्यात नवीन पोराला वस्तरा देण्याआधी फुगा देतात. फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा. फुगा फुटला नाही तर पोरगा तयार. मी हे शिकलो तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात जमलं होतं, उस्ताद गावभर सांगत फिरले होते.

आज हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीला फुगा बांधला. फेस लावला. वस्तरा धरला — धरता येतो, ते ठीक आहे. पहिलाच हात फिरवला आणि फट्!

फेस खिडकीच्या पडद्यावर, सोफ्यावर, टीव्हीवर. बकरीच्या तोंडावरही. ही धावत बाहेर आली. मी तसाच उभा. हिने ओलं फडकं आणून आधी माझं तोंड पुसलं, मग टीव्हीचं.

२० फेब्रुवारी

फिजिओ: "काका, ताकद आलीये. हालचाल छान आहे. पण तुम्ही हात घट्ट धरता. कशाला घाबरता? सैल सोडा."

सैल सोडा! सांगायला काय जातं? सैल सोडून बघितलं. बकरी तितकीच बुडते.

२१ फेब्रुवारी

करून टाकलं.

उंट दुपारी घरी आला. दारातच वाकून उभा, बोलायला जिवावर आलेलं. दुसऱ्या वस्तीतला एक कारागीर आहे, चांगला आहे, दाढीत हात साफ आहे. पहिल्या तारखेपासून यायला तयार आहे, पण खुर्ची कायमची हवी म्हणतो. "तुम्ही म्हणाल तसं," उंट म्हणाला. "तुम्ही येणार असाल तर मी आणखी थांबतो. मला काही नाही."

टीव्हीवर बकरी नुकती बुडाली होती. तिचे ते डोळे. मी म्हटलं, "दे त्याला."

"मास्तरांना काय सांगू?"

"सांग, दाढी छान दिसते."

उंट गेला. बरं वाटत नाहीये. हे लिहितानाही नाही. ज्या खुर्चीमागे उभा राहून केस पिकले ती खुर्ची एका वाक्यात देऊन टाकली. हात चालेना तर काय करणार? कोणाचा गळा कापू?

२२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. वाटलं होतं, चांगलीच कानउघाडणी होईल. पण नाही. डाळीत पळी फिरवत राहिली. मग एवढंच विचारलं, "कशावरून ठरवलंत?"

"बकरीवरून," म्हटलं. ऐकायला किती वेडपट वाटतं! पण तेच खरं आहे. रोज बघतोय ना, दर वेळी तेवढाच उशीर.

"हं," म्हणाली. आणि जेवण होईपर्यंत गप्प. हिचं गप्प बसणं मला सोसत नाही. त्यापेक्षा दोन शब्द सुनावलेले बरे.

२३ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

हिला क्लासातल्या परीक्षेचा उतारा टाइप करायचा होता. क्लासातलं मशीन बिघडलंय म्हणे, म्हणून म्हणाली, तुमच्या बकरीला जरा बाजूला करा. बसली फळीमागे. पाठ ताठ, मनगटं वर, नजर टीव्हीवर. काय सुरेख टाइप करते! टपटप असा एकसारखा आवाज, मध्ये कुठे अडखळणं नाही. मी सोफ्यावर पडून ऐकत होतो. मध्येच थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली.

"अहो, अक्षरं मागून येताहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे बोट पडतं, आणि अक्षर जरा उशिराने उमटतं. माझं बोट उशीर करत नाही, एवढं तरी मान्य आहे ना तुम्हाला?"

मान्य नसून सांगतो कोणाला! या घरात एकच गोष्ट कधी चुकत नाही, ती म्हणजे हिची बोटं. मी ताडकन उठून बसलो.

मग हिने सगळं समजावून सांगितलं. क्लासात कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणूस येतो, त्याने सांगितलं होतं म्हणे. टीव्ही काय करतो, तर आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी रंग घोटतो, चकचकीत करतो, मग दाखवतो. बातम्या बघताना कळत नाही, निवेदिका एक क्षण उशिरा बोलली तर आपल्याला काय त्याचं? पण गेम खेळताना बोट आधी आणि चित्र मागून. "मुलगी नाही का म्हणाली, टीव्ही आगाऊपणा करतो? तोच हा. याच्यात गेमसाठी वेगळी सोय असते. ती लावली की चित्र थेट येतं."

मी रिमोट घ्यायला गेलो. "तुम्ही हात लावू नका, रंग बिघडवाल. त्यापेक्षा चहा टाका."

चहा घेऊन आलो तर चष्मा नाकाच्या टोकावर आणून ही बटणं दाबत होती. "झालं," म्हणाली. दोन ओळी टाइप करून बघितल्या. "आता वेळेवर येताहेत. आणि हे बघा, टीव्ही बंद केला की ही सोय जाते. रोज लावावी लागेल. मी लावून देत जाईन."

म्हणजे इतके दिवस उशीर टीव्ही करत होता! मी माझ्या हाताला शिव्या घालत बसलो आणि हा गृहस्थ भिंतीवर बसून रंग घोटत होता! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याचबरोबर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. खेळायला बसणार तेवढ्यात बातम्यांची वेळ झाली. नियम म्हणजे नियम.

२४ फेब्रुवारी

बकरी कोबीच्या मळ्यात!!

पहिल्यांदा बुडाली, दुसऱ्यांदाही. पण मी चिडलो नाही. कशाला चिडू? टीव्ही आता वेळेवर आहे, हात माझा आहे, जमेल. आरामात टेकून बसलो, बोट नुसतं बटणावर ठेवलं, आणि ओंडका आला की हलकेच दाबलं. बसली बरोबर. मग दुसरा. मग एकामागून एक. शेवटच्या उडीला मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. बकरी पलीकडे गेली, कोबीचा गड्डा खाल्ला आणि चक्क नाचली.

हिला हाक मारली. येऊन बघितलं. "बरं आलं," म्हणाली.

२५ फेब्रुवारी

पुन्हा पार. पुन्हा पार. पुढच्या टप्प्यात मगर आहे. मगरीचंही बघून घेऊ.

हिने सकाळी क्लासला जाण्याआधी आठवणीने सोय लावून दिली. रोज लावते. आधी मला काहीतरी आणायला पाठवते, मग निवांत बसून बटणं दाबते. कोणी बघत असलं की बोटं चुकतात म्हणे. हिची! असो.

२६ फेब्रुवारी

क्लासवरून येताना हिने स्वतःहून फुगे आणले. फळीवर ठेवले.

फेस लावला. हात सैल होता, मला कळत होतं. फिजिओ काय म्हणत होती ते आज समजलं. वस्तरा टेकवला आणि वरून खाली आणला. मऊ आवाज आला, फेस वस्तऱ्यावर गोळा झाला, खाली लाल फुगा चकचकीत. सगळा फुगा साफ केला. फुटला नाही. कानाच्या मागची बाजूही केली, म्हणजे फुग्याला कान असता तर जिथे असता तिथली.

दुसरा केला. तोही नाही फुटला. मग ही म्हणाली, आता फुग्यांचे लाड पुरे, दुकानात जा. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या. हिचे मी बघितले नाहीत, ही आत निघून गेली होती.

२७ फेब्रुवारी

गेलो. खुर्ची एकदा दिली म्हणजे दिली, आता मागायची कोणत्या तोंडाने? आणि तो नवा कारागीर आधीच ठाण मांडून बसला असेल तर?

उंट एका पोराचे केस कापत होता. मी म्हटलं, "अरे, त्या खुर्चीचं..."

"कुठल्या?"

"माझ्या. त्या माणसाला काय सांगितलंस?"

उंट कात्री न थांबवता म्हणाला, "पहिल्या तारखेला सांगणार होतो. आज सत्तावीस आहे." मग आरशातून माझ्याकडे बघितलं. "आता काय सांगू?"

"सांग, खुर्ची मोडकी आहे."

उंट हसला. हा माणूस हसला की त्याचे सगळे दात दिसतात. मी टॉवेलांची चळत उचलून दुसरीकडे ठेवली. मास्तरांना निरोप धाडला.

२८ फेब्रुवारी

मास्तर सगळ्यात आधी आले. खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. हात दाखवा नाही, बरा झाला का नाही. नेहमी बसायचे तसे बसले.

आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस. वस्तरा हातात घेतला आणि क्षणभर वाटलं, नको. उंटही कात्री थांबवून बघत होता. मग बकरी आठवली! खरं सांगतो, बकरी आठवली. ओंडका येतोय, घाई नाही, हात सैल. डाव्या अंगठ्याने गळ्याची कातडी ताणली आणि सुरुवात केली. मास्तरांनी मध्येच आवंढा गिळला. वस्तरा त्याआधीच वर आलेला होता. मी उचलला असं म्हणणार नाही. तो उचलला गेला.

हनुवटीची खळी शेवटी केली. तुरटी लावायची गरज पडली नाही. मास्तरांनी गालावरून हात फिरवला, आरशात इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, "हां. हा मी."

मग नेहमीसारखं मी त्यांचं अर्धा तास डोकं खाल्लं. पुढच्या दोन गिऱ्हाइकांनाही मीच घेतलं. बोटं दमली, पण दमणं वेगळं आणि न ऐकणं वेगळं. उंट म्हणाला, दुकानात पुन्हा आवाज आला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदाही पहिल्यासारखंच ऐकलं. म्हटलं, "तुझं टायपिंग नसतं तर काही खरं नव्हतं. त्या टीव्हीपायी मी खुर्ची घालवली असती." ही म्हणाली, "जेवा आता, गार होतंय."

२ मार्च

लिहायला सवड नाही. दुकानात गर्दी. उत्तम.

५ मार्च

आज दुकान बंद, ही क्लासला. बकरीची आठवण झाली. हिची वाट कशाला बघायची, सोय आपणच लावू, म्हणून रिमोट घेतला, चष्मा लावला आणि टीव्हीतली यादी उघडली. चित्र. आवाज. भाषा. घड्याळ. लहान मुलांसाठी कुलूप. खालपर्यंत गेलो, पुन्हा वर आलो. एकेक कप्पा उघडून बघितला. गेमची सोय कुठेच नाही. मुलीला फोन केला. हसली ती. "बाबा, तो टीव्ही किती जुना आहे! त्याच्यात नाहीच ते. कधीच नव्हतं. का रे?"

काही नाही, म्हटलं.

तसाच खेळलो. बकरी मगरीलाही चुकवून पलीकडे गेली.

संध्याकाळी ही आली, पर्स ठेवली आणि फळीकडे बघून विचारलं, "एकटेच खेळलात? सोय लावायची राहिली असेल."

"हो ना," म्हटलं. "तेवढी लावून दे."

हिने चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि बटणं दाबायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो, हिचं होईपर्यंत.